कोल्हापूर–नागपूर : नकाशावरचे सातशे किलोमीटर आणि घड्याळातला वेळ

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस मिरज, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा असा अर्ध्या राज्याला वळसा घालत नागपूर गाठते आणि तिथून पुढे गोंदियाला जाते. कोल्हापूर ते नागपूर हे रेल्वेचे अंतर बाराशे किलोमीटरांच्या घरात जाते. प्रवासाला अख्खा दिवस आणि वर काही तास लागतात. सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या रस्त्याने निघाले तर आठशेच्या आसपास किलोमीटर पडतात. आणि उजळाईवाडीच्या विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती सुमारे ७०१ किलोमीटरांची भरते.

अशा दोन गावांमधले हवाई अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो, या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर एका ओळीत देता येते. दुसऱ्या भागाला मात्र उलट प्रश्न विचारावे लागतात. विमान कोणते? वारा कुठून? उतरण्याची सोय कशी? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, दुसऱ्या टोकाला मुंबई आहे का? महाराष्ट्रातल्या लहान विमानतळांवरून गेल्या आठ-दहा वर्षांत सुरू झालेल्या, बंद पडलेल्या आणि पुन्हा सुरू झालेल्या सेवा पाहिल्या की एक विसंगती डोळ्यांत भरते. विमानाने खरा वेळ वाचतो तो एका लहान विमानतळावरून दुसऱ्या लहान विमानतळावर जाताना. पण प्रवासी, मागणी आणि राजकीय आग्रह हे सगळे मुंबईच्या बाजूला झुकलेले असतात.

आधी अंतराचा हिशेब उरकून घेऊ. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेले असतात. दोन बिंदूंमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जाणारे सर्वांत छोटे अंतर हेच हवाई अंतर. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेटका गोल मानला तर शाळेतल्या त्रिकोणमितीने ते काढता येते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, म्हणून फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. सातशे किलोमीटरांमागे तीन-साडेतीन किलोमीटर. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना सपाट नकाशावरची सरळ रेघ आणि विमानाची खरी वाट यांत मोठी तफावत दिसते. कोल्हापूर–नागपूरसारख्या अंतरात ती जाणवण्याइतकीही नसते. वैमानिक हे अंतर नॉटिकल मैलांत मोजतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, त्यामुळे त्यांच्या लेखी हा मार्ग ३८० मैलांच्या आतला.

विमान या रेघेवरून तंतोतंत जात नाही, हे खरे. ठरलेल्या हवाई मार्गांवरून आणि ठरलेल्या बिंदूंवरून जावे लागते. आपल्याकडे त्यात लष्करी हद्दींची भर पडते. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्यातले दाबोळी नौदलाचे, नाशिकचे ओझर हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे. देशातल्या हवाई क्षेत्रापैकी फक्त ६० टक्के नागरी विमानांना मोकळेपणाने वापरता येते, असे केंद्र सरकारनेच मे २०२० मध्ये सांगितले होते. निर्बंध सैल केले तर विमान वाहतुकीचे वर्षाला सुमारे हजार कोटी रुपये वाचतील, असा अंदाजही त्याच वेळी दिला होता. असे असले तरी वळणावळणाने वाढणारे अंतर सहसा काही टक्क्यांचेच असते. घाट, नद्या, बाजारपेठा सांभाळत गेलेल्या रस्त्यापेक्षा आकाशातली वाट बरीच सरळ.

याला एक ठळक अपवाद मात्र जमिनीवर तयार झाला आहे. नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे आणि समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. महामार्ग भिवंडीजवळ आमणे इथे संपतो, विमानतळ त्याच्याही पुढे आहे, हे धरले तरी एखादा रस्ता आकाशातल्या रेघेच्या इतका जवळ येणे आपल्याकडे दुर्मीळच. (कोल्हापूर–नागपूर या रेघेचीही लांबी ७०१च निघते, हा निव्वळ योगायोग.) डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा. नागपूर–मुंबई आठ तासांत, असे सरकार सांगते. लहान विमानतळांवर याचा काय परिणाम होतो ते पुढे येईलच.

आता वेळ. विमान कंपनीच्या वेळापत्रकात छापलेली वेळ ही हवेत असण्याची वेळ नसते. चाकांचे ठोकळे काढून विमान जागेवरून हलते तिथपासून ते दुसऱ्या ठिकाणी थांबून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा सगळा काळ तिच्यात धरलेला असतो. या व्यवसायात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणे आले, परवानगीची वाट पाहणे आले, चढण आणि उतरण आली, उतरल्यानंतर पुन्हा रांगत येणे आले. शिवाय कंपनी आपल्या पदरची थोडी मिनिटेही त्यात मिसळते, कारण वेळापत्रकापेक्षा पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी ते उड्डाण 'वेळेवर' गणले जाते आणि ही आकडेवारी दर महिन्याला जाहीर होते. वीस मिनिटे उशिरा सुटलेले विमान वेळेवर पोचल्याची घोषणा ऐकून ज्यांना वैमानिकाचे कौतुक वाटते, त्यांनी थोडे श्रेय वेळापत्रक आखणाऱ्यालाही द्यावे.

कोल्हापूर–नागपूरपुरते गणित मांडून पाहू. एम्ब्राएर १७५ हे ७६ आसनी जेट विमान स्टार एअर ही कंपनी वापरते. ते ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने उडते असे धरले तर ७०१ किलोमीटरांना ५३ मिनिटे लागतात. पण दहा हजार फुटांच्या खाली वेगाला २५० नॉटची मर्यादा असते, चढताना-उतरताना गती कमीच असते, मार्ग थोडा वाकडा असतो. त्याची बारा-पंधरा मिनिटे. जमिनीवरची आणखी दहा-पंधरा. म्हणजे सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे. हाच मार्ग एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाने केला तर त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास, त्यामुळे निव्वळ अंतर कापायलाच ८४ मिनिटे, आणि एकूण पावणेदोन तासांच्या पुढे.

म्हणजे जेट चांगले आणि पंखा वाईट? लांबच्या मार्गावर तसे म्हणता येईल. अंतर जसजसे कमी होते तसतसा वेगाचा फायदा विरघळत जातो. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर ३०८ किलोमीटर आहे. तिथे जेटला २३ मिनिटे आणि एटीआरला ३७ मिनिटे, असा फरक अवघा १४ मिनिटांचा राहतो. चढण-उतरण आणि रांगत जाणे दोघांनाही असतेच. उलट एटीआर तासाला सहाशे-सातशे किलो इंधन खाते, तर एअरबस ए-३२० दोन हजार किलोंहून जास्त. देशी कंपन्यांच्या ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचे शुल्कही माफ असते. लहान धावपट्टीवरून एटीआर आरामात उडते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी १,८५० मीटर आहे, आणि तिथे एप्रिल २०२५ मध्ये पहिली प्रवासी सेवा आली ती अलायन्स एअरच्या एटीआरचीच.

अमरावतीचे हे उदाहरण थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. मुंबई–अमरावती हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर. सेवा सुरू झाली तेव्हा वेळापत्रकात त्यासाठी पावणेदोन तास दिलेले होते. भागाकार केला तर वेग निघतो ताशी ३१० किलोमीटर. पाचशेने उडणारे विमान ३१०च्या सरासरीने पोचते, कारण मधली सगळी मिनिटे दोन टोकांना खर्च होतात. केंद्राच्या 'उडान' योजनेत भाड्याची मर्यादा ठरवताना 'एक तासाचा, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरांचा प्रवास, २,५०० रुपये' असे सूत्र धरले होते. हा एक तास एटीआरच्या हवेतल्या वेगाचा आहे. प्रत्यक्ष वेळापत्रकात पाचशे किलोमीटरांचा तास एटीआरला कधीच साधत नाही.

वाऱ्याचा हिशेब लोक फारसा करत नाहीत, आणि लहान अंतरात तो फार मोठा नसतोही. पण दिशा कळावी म्हणून सांगतो. सातशे किलोमीटरांच्या मार्गावर ताशी ८० किलोमीटरांचा वारा जेटला समोरून आला तर ५८ मिनिटे, पाठीवर आला तर ४८. एटीआरला पन्नासचा वारा समोरून आला तर ९३ मिनिटे, मागून आला तर ७६. हळू विमानाला वारा जास्त लागतो, एवढेच. हिवाळ्यात वरच्या थरांतले वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, त्यामुळे नागपूरकडे जाणे थोडे झटपट आणि परतणे थोडे लांब.

वाऱ्यापेक्षा ढग अधिक सतावतात. ज्या विमानतळावर उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नसते, तिथे वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसावी लागते आणि किमान पाच किलोमीटर दृश्यमानता हवी असते. सोय असलेल्या मोठ्या विमानतळावर साडेपाचशे मीटरांतही काम भागते. कोकणात आषाढात किंवा घाटमाथ्यालगत धुक्याच्या सकाळी पाच किलोमीटर दिसणे ही चैन आहे. अशा दिवशी प्रवासाचा वेळ मिनिटांत मोजता येत नाही. विमान घिरट्या घालते, वळते, भलत्याच गावी उतरते किंवा निघतच नाही. म्हणून लहान विमानतळाची धावपट्टी दोनशे मीटरांनी लांबवल्याच्या बातमीपेक्षा तिथे उतरण्याची उपकरणे आणि रात्रीचे दिवे लागल्याची बातमी मला जास्त मोलाची वाटते. फीत कापायला मात्र धावपट्टी बरी पडते.

आता मुंबई. सांताक्रूझच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. ही जगातल्या सर्वांत गर्दीच्या एक-धावपट्टी विमानतळांपैकी एक जागा. २०२४च्या फेब्रुवारीत नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या तासांतली उड्डाणे ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळची ४४ वरून ४२ वर आणायला लावली. कारण सांगताना मंत्रालयाने जो हिशेब मांडला तो बोलका होता. विमाने मुंबईवर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालत होती, आणि ४० मिनिटांच्या घिरट्यांत साधारण १.७ किलोलिटर, म्हणजे पावणेदोन लाखांहून अधिक रुपयांचे इंधन जळत होते. दिल्लीहून आलेल्या प्रवाशाला दोन तासांवर पाऊण तास म्हणजे वैताग. कोल्हापूरहून आलेल्याला तो पाऊण तास म्हणजे अख्ख्या प्रवासाइतका वेळ.

त्यात वेळ मिळण्याचा प्रश्न. मुंबईत उतरण्या-उडण्याच्या ठरावीक मिनिटांना स्लॉट म्हणतात आणि ते दुर्मीळ आहेत. जी कंपनी १८० आसनांचे विमान आणू शकते, ती ७० आसनांच्या विमानासाठी स्लॉट का घालवील? त्यामुळे लहान गावांना उरलेसुरले स्लॉट मिळतात, भर दुपारचे. सकाळी जाऊन मंत्रालयातले काम आटोपून संध्याकाळी परतायचे, ही ज्याची गरज, त्याच्यासाठी दुपारी अडीचला सुटणारे विमान म्हणजे मुंबईत दोन मुक्काम. रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस वेळखाऊ असली तरी माणसाला सकाळी मुंबईत सोडते.

लहान गावांच्या विमानसेवेचा हा अनुभव नवा नाही. १९८१ मध्ये 'वायुदूत' ही सरकारी कंपनी लहान गावांसाठीच काढली होती. तिची १९ आसनी डॉर्नियर विमाने ठिकठिकाणी जात. तोट्यात बुडून १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. खासगी कंपन्या आल्यावर १९९४ मध्ये नियम झाला की मोठ्या मार्गांवर जेवढी क्षमता वापराल, तिच्या काही टक्के दुर्गम आणि इतर मार्गांवरही वापरा. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'उडान' आली. भाड्याला मर्यादा, तोटा भरून देण्यासाठी तीन वर्षे अनुदान, तेवढीच वर्षे त्या मार्गावर मक्तेदारी, इंधनावरच्या राज्याच्या करात मोठी सूट. २७ एप्रिल २०१७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या सेवांमध्ये सिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबादही होती.

पुढे काय झाले ते महालेखापालांच्या २०२३च्या अहवालात आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मार्गांपैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यातले ५४ टिकले होते. म्हणजे वाटलेल्या शंभर मार्गांमागे सात. योजनेवर टीका करताना लोक अनुदानाकडे बोट दाखवतात. माझा आक्षेप वेगळा आहे. अनेक मार्ग मुळात वेळेच्या कसोटीवर टिकणारे नव्हते आणि ते कागदावरच दिसत होते.

नाशिक–मुंबई पाहा. ओझर ते सांताक्रूझ हवाई अंतर सुमारे १६० किलोमीटर. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने १९ आसनी विमानाने मुंबईला जळगाव आणि नाशिक जोडले. हवेत अर्धा तास. पण नाशिक शहरातून ओझरला वीसेक किलोमीटर जाणे, तासभर आधी पोचणे, मुंबईत उतरून पुन्हा रस्त्यावर येणे. तेवढ्यात कसारा घाट उतरलेली मोटार ठाण्यात पोचते. पुणे–मुंबई तर १२४ किलोमीटर. तिथेही एके काळी विमाने होती. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर त्यांचे प्रयोजनच संपले. शिर्डी–मुंबई १७२ किलोमीटर. शिर्डीजवळच्या काकडी विमानतळाचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपतींनी केले तेव्हा पहिले विमान मुंबईचेच होते. पण विमानतळाला बळ दिले ते हैदराबाद, चेन्नई, बंगळुरू, दिल्लीच्या भाविकांनी. हैदराबाद पाचशे किलोमीटरांवर आहे. तिथून रस्त्याने येणारा माणूस रात्र गाडीत काढतो, म्हणून त्याला विमान परवडते.

यातून ढोबळ निष्कर्ष निघतो. अडीचशे-तीनशे किलोमीटरांच्या आत चांगला रस्ता असेल तर विमान हरते. पाचशेच्या पुढे जिंकते. मधल्या पट्ट्यात रस्त्याची प्रत निर्णय करते, आणि ती स्थिर नाही. छत्रपती संभाजीनगर–मुंबई २८० किलोमीटर हवाई अंतर आहे. समृद्धीने या मार्गावरची विमानाची आघाडी बरीच कमी केली. याउलट सिंधुदुर्ग. तिथल्या चिपी विमानतळापासून मुंबईचे हवाई अंतर ३५०च्या आसपास, रस्ता मात्र पाचशे किलोमीटरांचा, तोही वर्षानुवर्षे खोदलेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीहून मुंबईला विमान सुरू झाले तेव्हा कोकणातल्या माणसाला ते हवेच होते. ही सेवा पुढे खंडित झाली ती अंतर चुकीचे होते म्हणून नाही.

म्हणूनच कोल्हापूर–नागपूर, जळगाव–पुणे, सोलापूर–गोवा असे मार्ग मला अधिक महत्त्वाचे वाटतात. सोलापूर ते गोव्यातले मोपा हवाई अंतर ३०० किलोमीटरांच्या जरा पुढे, पण जमिनीवर मध्ये सह्याद्रीचा घाट उभा. फ्लाय९१ या गोव्याच्या कंपनीचे एटीआर ते अंतर तासाभरात कापते. दोन्ही टोकांना रांग नाही, घिरट्या नाहीत. गाडीतून उतरून दाराशी पोचायला शंभर पावले. कोल्हापूर–तिरुपती साडेसहाशे किलोमीटर. तिरुपतीहून दर नवरात्रात अंबाबाईला शालू येतो, तेवढा जुना हा दोन देवस्थानांचा संबंध. भाविकांची ये-जा कोणाला निर्माण करावी लागत नाही. मुंबईचा स्लॉट लागत नाही, हा या सगळ्या मार्गांचा समान गुण.

अडचण आहे ती माणसांच्या संख्येची. कोल्हापूरहून नागपूरला रोज किती जणांना जायचे असते? विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या दिवसांत बरेच, एरवी थोडे. यावर एक जुना उपाय नागपूरनेच पाहिलेला आहे. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासहून निघालेली चार विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटे आपापल्या गावी परतत. थोड्या-थोड्या मागणीचे चार मार्ग एका मध्यबिंदूत बांधले की प्रत्येक विमान भरते. प्रवाशांसाठी हे आज नागपूर किंवा पुण्यात करता येण्यासारखे आहे. सध्या हे काम राज्याबाहेरचे हैदराबाद करते. नांदेड, कोल्हापूर, शिर्डी, गोंदिया या सगळ्यांचा हैदराबादशी विमानाने संबंध जडला, कारण तिथे जागा मिळाली.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणे सुरू झाली. लहान गावांना तिथे सकाळ-संध्याकाळचे स्लॉट मिळाले तर स्लॉटपुरती अडचण सुटेल. मात्र उलव्याच्या या विमानतळावर उतरलेल्या माणसाला अंधेरी किंवा मंत्रालय गाठायचे असेल तर वाचलेली मिनिटे पुन्हा रस्त्यावर मोजावी लागतील. पनवेल, ठाणे, कळंबोलीत काम असणाऱ्याचा मात्र सरळ फायदा.

शेवटी एक गोष्ट, जी अंतराच्या कोणत्याच हिशेबात धरलेली नसते. 'उडान'मध्ये आठवड्यातून तीन उड्डाणे एवढी किमान अट होती. विमान सोमवार, बुधवार, शुक्रवारचे असेल आणि काम शनिवारी निघाले, तर सव्वा तासाच्या प्रवासाआधी दोन दिवस थांबावे लागते. त्यापेक्षा शनिवारची महाराष्ट्र एक्स्प्रेस लवकर पोचते. शिवाय वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. त्यामुळे उजळाईवाडीहून सोनेगावला जाणाऱ्याने तिकीट काढण्यापूर्वी किलोमीटर पाहू नयेत, वार पाहावा.